बेस्शीचा धूर आणि भातशेती

जपानमध्ये खाण आणि शेती यांच्यात जो कलह झाला, त्याचे उदाहरण म्हणून बहुधा आशिओचे नाव पुढे येते, आणि ते साहजिक आहे. परंतु असा कलह मिटला कसा, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने शिकोकु बेटावरील बेस्शीकडे वळणे अधिक फलदायी ठरेल.

बेस्शीची तांब्याची खाण सुमितोमो घराण्याने 1691 मध्ये सुरू केली. तेथील खनिजात गंधकाचे प्रमाण पुष्कळ असल्यामुळे ते भाजताना गंधकाम्ल वायू विपुल सुटत असे. धातू गाळण्याचे काम डोंगरात आणि लहान प्रमाणावर चाले, तोवर त्याची झळ मुख्यतः डोंगरावरील झाडांस लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या भट्ट्या निइहामाच्या सपाटीवर आल्या, तेव्हा हा वायू सरळ भातखाचरांवर उतरू लागला. 1893 मध्ये शेतकऱ्यांनी उघड तक्रार मांडली.

पुढील वर्षी तेथे आलेल्या इबा तेइगो यांनी भट्ट्या हलविण्याचा निर्णय घेतला. निइहामापासून सुमारे 20 किलोमीटरवर समुद्रात शिसाकाजिमा नावाची निर्जन बेटे आहेत. तेथे गोडे पाणीही नव्हते. ते जहाजाने न्यावे लागे. खाणीच्या सुमारे दोन वर्षांच्या उत्पन्नाएवढा खर्च करून 1905 मध्ये तेथे भट्ट्या पेटल्या. आशिओच्या पीडितांसाठी झगडणाऱ्या तानाका शोझो यांनी 1901 मध्ये संसदेत सुमितोमोची वाखाणणी केली, ती याच संदर्भात.

आणि तरीही योजना फसली. धूर समुद्रावर विरून जाईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो वाऱ्याबरोबर पट्ट्यापट्ट्याने वाहत किनाऱ्यावर पोहोचला, आणि पूर्वी ज्यांनी धूर पाहिलाही नव्हता अशा गावांची पिके करपली. इबांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण भट्टी कोठे असावी हे ठरविताना वाऱ्याचा अभ्यास पुरेसा झाला नव्हता, हे मान्य केले पाहिजे. सद्हेतूने धूर वळत नाही.

खरे महत्त्वाचे वर्ष 1910 होय. शेती व व्यापार मंत्रालयाच्या मध्यस्थीने खाण व शेतकरी यांच्यात जो करार झाला, त्यात वार्षिक 77,000 येन भरपाई होती. परंतु भरपाई हा त्याचा सर्वांत लक्षणीय भाग नव्हे. वर्षाकाठी गाळावयाच्या खनिजावर 5.5 कोटी कान, म्हणजे सुमारे 2,06,000 टन, अशी मर्यादा घातली गेली. शिवाय भात व गहू यांच्या नाजूक वाढीच्या 40 दिवसांत रोजचे काम आणखी कमी करावयाचे, आणि त्यांपैकी 10 दिवस भट्ट्या पूर्ण बंद ठेवावयाच्या, असे ठरले. भात निसवून फुलोऱ्यावर येते तेव्हा थोड्या दिवसांच्या वायूनेही दाणा भरत नाही, हे कोणत्याही कुणब्यास ठाऊक असलेले सत्य येथे कारखान्याच्या वेळापत्रकात शिरले. भरपाई पीक गेल्यावर मिळते. या कलमाचा उद्देश पीक वाचविणे हा होता. प्रस्तुत लेखकाच्या मते कराराचे बळ येथेच आहे.

दुसरी गोष्ट अशी की हा करार कायमचा नव्हता. दर काही वर्षांनी उभय पक्षांस पुन्हा समोरासमोर बसून नव्या अटी ठरवाव्या लागत. खनिजाच्या मर्यादेमुळे उत्पादन वाढविणे अशक्य होते. म्हणून वायू कमी करण्याचे तंत्र शोधणे, हा कंपनीच्या दृष्टीने परोपकार न राहता गरजेचा भाग झाला. 1914 मध्ये सहा बुटकी धुराडी उभारून धुरात हवा मिसळण्याचा प्रयोग झाला. तो साफ फसला, धूर जवळच दाट साचला. त्याआधी 1913 मध्येच निइहामास खत कारखाना निघाला होता. बेस्शीच्या खनिजातील गंधकापासून आम्ल करून त्याचे सुपरफॉस्फेट बनवावे, हा त्याचा उद्देश. पुढे याच कारखान्यातून सुमितोमोचा रसायन उद्योग वाढला. शेतकऱ्यांस जाळणारे गंधक शेतकऱ्यांसच खत म्हणून विकले जावे, यात हिशेबी व्यापाराची चतुराई आहे, हे सांगणे नलगे.

1929 मध्ये शिसाकाजिमावर पीटरसन पद्धतीचे आम्लाचे मनोरे बसविण्यात आले आणि वायूचे प्रमाण बरेच घटले. उरलेला वायू अमोनियाच्या पाण्यात शोषून घेणारा कारखाना 1939 मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर धुराचा उपद्रव संपला आणि भरपाईच्या बैठकाही थांबल्या. निइहामाच्या पहिल्या तक्रारीपासून येथवर 46 वर्षे लागली होती. खाण स्वतः 1973 मध्ये बंद झाली.