पाटीवरची लाल फुली



दिवाळीआधी दवाखान्याची पाटी नव्याने रंगवून घेतली. त्यानंतर आठवडाभर जवळपास प्रत्येक जुन्या पेशंटने एकच प्रश्न विचारला, "डॉक्टरसाहेब, लाल फुली कुठे गेली?" केळीच्या बागेतून थेट आलेल्या एका आजोबांना तर वाटलं की दवाखाना दुसऱ्या कुणी घेतला. ते बाहेरच थांबले आणि कंपाउंडरला आधी विचारून मग आत आले.

प्रश्न साधा होता, पण उत्तर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हा लेख. फुली गेली कारण ती माझी नव्हती. बरीच वर्षं मी ती चुकीने वापरत होतो, आणि आपल्या भागातल्या बहुतेक दवाखान्यांच्या, मेडिकल दुकानांच्या पाट्यांवर ती अजूनही तशीच आहे.

आधी फुलीबद्दल थोडं. एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेघा इतकंच ते चित्र आहे. ते काढायला शिकावं लागत नाही, त्यामुळे जगभर माणसांनी ते आपापल्या कामाला लावलं. वाघूर नदीकाठच्या अजिंठ्याला तुम्ही गेला असाल. तिथल्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कटहादि नावाच्या दात्याने हा दर्शनी भाग दान दिला, असा त्याचा अर्थ. (जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली आपलं नाव खरडून ठेवलं, तेच हे लेणं.) ब्राह्मीत 'क' हे अक्षर अधिकच्या चिन्हासारखं काढतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच परिसरात हे चिन्ह पाहून वाचणारा माणूस सरळ 'क' म्हणाला असता. त्याच रेघांची टोकं काटकोनात वळवली की स्वस्तिक होतं. ते सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आहे आणि तुमच्या दुकानाच्या नव्या चोपडीवरही. गोव्यात घराच्या अंगणात किंवा रस्त्याच्या वळणावर पांढरा क्रूस दिसला की तो श्रद्धेचा. शाळेच्या वहीत गणिताशेजारी तिरकी फुली दिसली की उत्तर चुकलं.

चिन्ह एकच, अर्थ मात्र ज्याने त्याने ठरवलेला. कुणी ठरवला आणि कुणी मानला, यावर सगळं अवलंबून.

माझ्या टेबलापर्यंत येणारी फुली वेगळी असते. ती बिब्ब्याची. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तळपायावर, कधी पोटावर बिब्ब्याच्या तेलाने फुली काढायची पद्धत अजून आहे. करणारी आजी प्रेमापोटीच करते, तिला रागावून काही साधत नाही. पण बिब्ब्याच्या सालीतला रस हा जहाल असतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला तोच वापरायचे, कारण तो धुऊन जात नाही. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना मानेवर, कमरेवर खाज आणि फोड यायला लागले. कारण शोधलं तेव्हा गणवेशावरची धोब्याची खूण सापडली. सुकलेल्या खुणेने मोठ्या माणसाची ही अवस्था होते, तर ओल्या रसाने महिन्याभराच्या बाळाच्या पातळ त्वचेचं काय होईल? फोड येतात, त्वचा सोलवटते, जखमेत पू होतो. एकदा ॲलर्जी झाली की पुढच्या वेळी ती लवकर आणि जास्त जोरात येते. तेव्हा दृष्टीची काळजी असेलच तर झबल्यावर काळा दोरा शिवा, पण बाळाच्या अंगावर बिब्बा नको. कुणी लावलाच असेल तर लगेच साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा, खाजवू देऊ नका, वर दुसरा कुठला लेप लावू नका आणि बाळाला दाखवायला आणा.

आजारात घरावर फुली काढण्याचाही इतिहास आहे. 1665 साली लंडनमध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा रोगी सापडलेल्या घराच्या दारावर फूटभर लांबीची लाल फुली रंगवत आणि आतल्या सगळ्यांना, धडधाकट माणसांसकट, 40 दिवस कोंडत. ती फुली सांगायची, इथून लांब राहा. आपल्याकडे पल्स पोलिओच्या मोहिमेत ताई घरोघर येऊन भिंतीवर खडूने 'पी' किंवा 'एक्स' लिहून जायच्या, ते आठवत असेल. पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला असेल तर 'पी'. कुलूप असेल, मूल गावाला गेलं असेल किंवा घरच्यांनी नकार दिला असेल तर 'एक्स'. काही घरांत ती फुली अपमानाची वाटायची, लोक ती पुसून टाकायचे. खरं तर तिचा अर्थ लंडनच्या अगदी उलट होता: या घरी पुन्हा यायचं आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात सापडला. त्या 'एक्स' घरांचे उंबरे दोन-दोन, तीन-तीनदा झिजवले, म्हणून ते जमलं.

आता लाल फुलीकडे, म्हणजे रेडक्रॉसकडे येतो.

24 जून 1859. उत्तर इटलीत सोल्फेरिनो गावाजवळ एका बाजूला फ्रान्स आणि सार्डिनिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया अशी लढाई झाली. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे 40,000 सैनिक मेले किंवा जखमी झाले. जिनिव्हाचा आंरी द्युनां नावाचा तरुण व्यापारी आपल्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या बादशहाला गाठायला निघाला होता आणि तो या सगळ्याच्या मध्ये सापडला. जवळच्या कास्तिल्योने गावात चर्चमध्ये, रस्त्यावर, जागा मिळेल तिथे जखमी पडलेले. पाणी पाजायलाही माणसं पुरेनात. द्युनांने गावातल्या बायकांना हाताशी धरलं आणि कोण कुठल्या बाजूचा हे न बघता जमेल ती शुश्रूषा केली. 1862 साली त्याने या अनुभवावर पुस्तक लिहिलं.

त्या काळी जखमींना उचलणाऱ्यांवर आणि डॉक्टरांवर सर्रास गोळ्या झाडल्या जात. त्यामागे द्वेषच असायचा असं नाही, ओळखच पटायची नाही. प्रत्येक देशाच्या सैन्यात इस्पितळाचा झेंडा वेगळा होता: ऑस्ट्रियाचा पांढरा, फ्रान्सचा लाल, स्पेनचा पिवळा. धुरात, शंभर-दोनशे पावलांवरून समोरच्या सैनिकाला काय कळणार? म्हणून 1863 साली जिनिव्हात भरलेल्या परिषदेत सगळ्यांसाठी एकच खूण ठरली आणि 22 ऑगस्ट 1864 च्या पहिल्या जिनिव्हा कराराने ती पक्की झाली: पांढऱ्यावर लाल क्रॉस. स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे केले की ती मिळते. पुढे 1906 च्या करारात तसं लिहूनही ठेवलं, म्हणजे कुणाला त्यात धर्म दिसू नये.

तरी तो दिसायचा तो दिसलाच. 1876 साली युद्धात असलेल्या तुर्कस्तानने कळवलं, आमच्या सैनिकांना क्रूस रुचत नाही, आम्ही लाल चंद्रकोर वापरू, पण समोरच्यांच्या क्रॉसचा मान राखू. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. 1929 मध्ये चंद्रकोरीला अधिकृत मान्यता मिळाली, इराणच्या लाल सिंह-सूर्यालाही मिळाली (तो त्यांनी 1980 मध्ये सोडला). 2005 साली कुठल्याच धर्माची छाया नको म्हणून लाल स्फटिक, म्हणजे टोकावर उभा केलेला लाल चौकोन, जोडला गेला.

आपल्या माणसांनीही ही खूण दंडावर बांधली आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात, 1899-1900 मध्ये, गांधीजींनी सुमारे 1,100 हिंदी माणसांचं पथक उभारलं होतं. त्यात बरेचसे गिरमिटिया मजूर होते. स्पिऑन कोपच्या लढाईनंतर त्यांनी जखमींच्या डोल्या मैलोन् मैल खांद्यावरून वाहिल्या. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. दंडावरचा पांढरा पट्टा आणि त्यावरची लाल फुली, एवढंच.

आता माझ्या पाटीची चूक लक्षात आली असेल. या फुलीचा अर्थ 'इथे डॉक्टर आहे' असा नाही. तिचा अर्थ आहे, 'गोळी झाडू नका, हा कुणाच्याच बाजूचा नाही.' म्हणून ती शांततेच्या काळात सैन्याच्या वैद्यकीय दलाने आणि रेडक्रॉस संस्थेनेच वापरायची. जळगावच्या रेडक्रॉस रक्तपेढीत तुम्ही रक्त दिलं असेल, तर तिथली फुली योग्य जागी आहे. ती औषधाच्या दुकानावर, दवाखान्यावर, डॉक्टरच्या गाडीच्या काचेवर, अगदी मुलांच्या खेळण्यातल्या पेटीवर चिकटवत गेलो, तर लोकांच्या मनात ती धंद्याची जाहिरात होऊन बसते. युद्धात किंवा दंगलीत जिच्यावर जीव अवलंबून आहे, अशी खूण आपणच स्वस्त करतो.

हे नुसतं सौजन्य नाही, कायदा आहे. भारताच्या 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यातलं 12 वं कलम केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ही खूण, किंवा तिच्यासारखी भासणारी दुसरी खूण, वापरायला मनाई करतं. दंड 500 रुपयांपर्यंत. रक्कम तेव्हाची आहे, त्यामुळे आज कुणी घाबरत नाही, हेही खरं.

पेंटरला मी हे सगळं सांगितलं. तो हुशार निघाला. म्हणाला, "काही हरकत नाही साहेब, रंग उलटे मारतो. लालवर पांढरी फुली." ऐकायला छान वाटलं. पण तो तर स्वित्झर्लंडचा झेंडा झाला, आणि त्याच कलमात तोही बंद आहे! मग त्याने दोन साप आणि पंख असलेली काठी सुचवली. ती ग्रीकांच्या हर्मीसची, म्हणजे व्यापाराच्या देवाची. अमेरिकी सैन्याच्या वैद्यकीय दलाने 1902 साली ती उचलली आणि गोंधळ जगभर पसरला. वैद्यकाच्या देवाची, अस्क्लेपियसची काठी साधी असते, तिला एकच साप. अँब्युलन्सवर सहा पाकळ्यांची निळी चांदणी दिसते ना, तिच्या मध्ये हीच काठी आहे. तिचीही गंमत अशी की अमेरिकेत रुग्णवाहिकांवर नारिंगी क्रॉस असायचा, तिथल्या रेडक्रॉसने त्यावर हरकत घेतली, म्हणून 1970 च्या दशकात ही चांदणी आली.

शेवटी पाटीवर कुठलंच चित्र ठेवलं नाही. नाव, पदवी, वेळ आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. हा क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर लिहिणं डॉक्टरला बंधनकारक आहे. तुम्ही नव्या ठिकाणी गेलात तर तो बघा, दिसला नाही तर विचारा, विचारण्यात अपमान काही नाही. लाल फुली कुणीही रंगवू शकतो, शिक्षण नसताना सलाईन लावणाराही.

एक फुली मात्र सगळ्यांनी ओळखायला शिकावी. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोणाच्या डब्यावर कवटी आणि तिच्यासोबत हाडांची फुली असते, म्हणजे ते सर्वांत जहाल. पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा. शेतात कुणाला फवारताना चक्कर आली, उलट्या झाल्या, तोंडाला फेस आला, तर त्याला उघड्या हवेत आणा, कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि गाडीत घालताना तो डबा सोबत घ्या. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका. डब्यावरचं लेबल फाटलेलं असलं तरी आणा, उरलेल्या तुकड्यावरूनही उपचार ठरवायला मदत होते.

ते आजोबा पुढच्या तपासणीला आले तेव्हा त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. "आता काही ओळखू येत नाही बघा." मी त्यांना नोंदणी क्रमांक वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि बाह्या वर सरकवून हात पुढे केला, बीपी बघायला.