सोयाबीनचं बियाणं, मातीची तपासणी, तुरीची मर : कोणत्या कामाला कोणतं केंद्र?

धाराशिव : जिल्ह्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांचा सल्लागार म्हणजे कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. पण बियाणं, माती आणि रोगासाठी सरकारी संशोधन केंद्रं आहेत. कुठं काय मिळतंय ते माहीत असलं तर खर्च वाचतो.

तुळजापूर : इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. विद्यापीठात निघालेलं वाण किंवा पद्धत आपल्या भागात चालते का, हे शेतकऱ्याच्याच रानात लावून दाखवणं हे अशा केंद्राचं मुख्य काम. प्रशिक्षण आणि पीक सल्लाही मिळतो.

परभणी : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना 18 मे 1972 ची. दरवर्षी त्याच सुमारास खरीप मेळावा आणि 17 सप्टेंबरच्या सुमारास रब्बी मेळावा भरतो. एमएयूएस 71, एमएयूएस 158 आणि एमएयूएस 612 ही सोयाबीनची वाणं इथलीच.

बदनापूर (जि. जालना) : कडधान्याचं केंद्र. बीडीएन 711 ही पांढरी, लवकर येणारी तूर इथली. बीएसएमआर 736 ही लाल तूर मर आणि वांझ रोगाला तोंड देते. तूर दरवर्षी वाळत असेल तर आधी वाण बदलावं, मग औषधाचं बघावं.

लातूर : गळीत धान्य संशोधन केंद्र. करडई, सूर्यफुलासाठी कळंब, लोहारा, उमरग्याला जवळचं.

सोलापूर आणि मोहोळ : ही केंद्रं राहुरीच्या विद्यापीठाची. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर, मोहोळला रब्बी ज्वारीवर काम चालतं. मालदांडी 35-1 ही शेतकऱ्यांच्याच गावरान ज्वारीतून मोहोळला निवडलेली. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. तुळजापूर, परंड्याकडच्यांना हे सोयीचं.

घरचं बियाणं चालतं का?
सोयाबीनचं सुधारित वाण सरळ असतं. एकदा चांगलं बियाणं आणलं की दोन-तीन वर्षं घरचंच पेरता येतं. संकरित बियाण्याचं तसं नाही, ते दरवर्षी नवं घ्यावं लागतं. मात्र सोयाबीनचं टरफल नाजूक. पोती आपटली, उंच थप्पी लावली की उगवण घटते.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या मोठ्या प्रमाणावर तक्रारी झाल्या. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, मजुरी पुन्हा, शिवाय हंगामही मागं पडतो. म्हणून विकतचं असो की घरचं, पेरणीआधी तपासावं.

ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा असे 100 दाणे मांडावेत. वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करावी आणि सावलीत ओलसर ठेवावी. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं. 70 च्या खाली प्रत्येक टक्क्यामागे एकरी अर्धा किलो वाढवावं. म्हणजे 60 आले तर 35 किलो. त्याहून फारच कमी असेल तर ते पेरूच नये. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण काढू नये.

जाताना काय न्यावं?
रोगट झाड मुळासकट न्यावं, नुसत्या पानावरून मर कळत नाही. मातीसाठी रानातल्या सात-आठ जागी वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती घ्यावी, एकत्र करावी आणि त्यातली अर्धा किलो न्यावी. बांध, झाडाखालची जागा आणि उकिरडा सोडावा. कोणतं खत, कोणतं औषध कधी टाकलं तेही लिहून न्यावं. तेवढ्यावरच नेमका सल्ला मिळतो.