लीज्ड लाइनच्या कोटेशनवर भाष्य

सियागंजातली पेढी असो वा सांवेर रोडवरचा कारखाना, इंदुरात लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र इंटरनेट जोडणी, मागितली की पानभर कोटेशन येतं. त्यातल्या नेहमीच्या सहा ओळी नमुन्यादाखल घेतल्या आहेत. प्रत्येक ओळ एक हमी देते. ती कुठून कुठपर्यंतची, हे ग्राहकाने विचारायचं असतं.

१. ‘बँडविड्थ १०० एमबीपीएस, १:१’
हा आकडा बिटांचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून फाइल उतरते सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. ‘१:१’ म्हणजे ही क्षमता इतर गिऱ्हाइकांत वाटलेली नाही. ब्रॉडबँडवर ती वाटलेली असते. हमी मात्र कंपनीच्या जाळ्यापुरती. पलीकडचं इंटरनेट सगळ्यांचंच.

२. ‘लेटन्सी ३ मिलिसेकंद’
लेटन्सी म्हणजे सिग्नलला जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई रस्त्याने ६०० किलोमीटरच्या आसपास. नुसत्या जाण्यायेण्यालाच ६ मिलिसेकंद हवेत. तेव्हा हे ३ गावातल्याच राउटरपर्यंतचे. तुमची टॅली मुंबईच्या सर्व्हरवर चालत असेल, तर तिथपर्यंतचा आकडा मागावा.

३. ‘अपटाइम ९९.५ टक्के’
सगळ्यात जास्त घोळ इथे. ३० दिवसांच्या महिन्याचे ७२० तास. लाइन बंद राहायची मुभा उरते अर्धा टक्का, म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. हिशेब वर्षाचा धरला तर तोच अर्धा टक्का जवळपास ४४ तासांवर जातो. मग ऐन दिवाळीत लाइन सलग पावणेदोन दिवस बंद राहिली तरी करार मोडत नाही. म्हणून ‘मासिक’ हा शब्द लिहून घ्यावा. बंद काळ बहुधा तक्रार नोंदवल्यापासून मोजतात, तेव्हा लाइन जाताच तिकीट नंबर घ्यावा. आधी कळवून केलेली दुरुस्ती आणि तुमच्याकडची गेलेली वीज सहसा मोजत नाहीत. भरपाई म्हणजे भाड्यातली सूट. बुडालेला धंदा त्यात येत नाही.

४. ‘एमटीटीआर ४ तास’
दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ. एक बिघाड तासाभरात निघाला, दुसऱ्याला ७ तास लागले: सरासरी ४, कंपनी मोकळी. कमाल मर्यादा वेगळी ठरवावी.

५. ‘लास्ट माइल फायबर, रिडंडंट’
कंपनीच्या जवळच्या केंद्रापासून तुमच्या दारापर्यंतचा तुकडा. रिडंडंट म्हणजे एक लाइन तुटली तरी दुसरी चालू. पण दोन्ही एकाच चरातून आल्या असतील, तर जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडतो. दोन वेगळ्या कंपन्या घेऊनही हे टळेलच असं नाही. दोन्हींचे मार्ग नकाशावर दाखवायला सांगावेत.

६. ‘दर फीझिबिलिटीच्या अधीन, जीएसटी वेगळा’
जीएसटी १८ टक्के. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं. फीझिबिलिटी म्हणजे जागेवरची पाहणी. ती होईपर्यंत वरचं सगळं कच्चं. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, पाहणीनंतरच द्यावी, आणि प्रत्येक हमीची दोन्ही टोकं तिच्यात नावानिशी लिहावीत.