शिवारातील पाहुणा

शेतकऱ्याच्या घरी पाहुणा येणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. नवल आहे ते एवढेच, की हा पाहुणा आता निघताना पैसे देतो. गेल्या वीसेक वर्षांत पुण्या-मुंबईची कुटुंबे सुट्टीला शेतावर जाऊ लागली आहेत. झाडाखाली बाज टाकून बसावे, चुलीवरची भाकरी खावी, मुलांना गोठा दाखवावा, एक-दोन रात्री मुक्काम करावा आणि ठरलेली रक्कम देऊन परतावे, असा हा रिवाज आहे. त्याला ‘कृषी पर्यटन’ असे नाव मिळाले आहे. आमच्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना मात्र हे रुचत नाही. “पाहुणचार काय विकायचा असतो?” असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना ज्या भूमीत हा रिवाज महाराष्ट्रात प्रथम रुजला, तिच्या इतिहासाकडे आम्हांस वळावे लागते.

ही भूमी म्हणजे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे बारामती आणि इंदापूर हे तालुके. इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावे आहेत, बुद्रुक आणि खुर्द. या गावांच्या सभोवतालचा सारा मुलूख पर्जन्यछायेचा. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा; दोन्ही नद्या तालुक्याच्या टोकाला नीरा-नरसिंहपूर येथे एकमेकींस भेटतात. पण नद्या जवळ असल्या तरी आभाळ कंजूष. रब्बीची ज्वारी हेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मुख्य अन्न. भाटघरच्या पाण्यावर चालणारा नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि त्याच्या काठाने ऊस उभा राहिला. कालव्याच्या खालची जमीन आणि वरची जमीन असे दोन प्रदेश एकाच तालुक्यात नांदू लागले.

अशा मुलखात पूर्वी पाहुणा कसा येत असे? पेशवाईच्या आणि तिच्या आधीच्या काळातही गावाच्या हिशेबात ‘गावखर्च’ नावाची एक बाब असे. गोसावी, फकीर, सरकारी शिपाई, वाटसरू यांच्या शिध्याचा खर्च त्यात पडे आणि तो रयतेवर वाटला जाई. पाटील मोठ्या मनाने आदरातिथ्य करी. ज्वारी मात्र सर्वांच्या कणगीतून निघे. ज्यांच्याकडे कणगीच नव्हती, त्यांच्याकडून श्रम घेतले जात. गावात आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, त्याचे ओझे पुढल्या गावच्या शिवेपर्यंत वाहणे, त्याच्या घोड्यास गवत आणि चुलीस सरपण आणून देणे, ही कामे महार वतनदारांच्या माथी होती. त्या कामाचा मोबदला तुटपुंजा आणि नकार देण्याची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या वतनाविरुद्ध १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची ही वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राच्या पठारावरील आमच्या कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज हे ओझे वाहणारेच होते. तेव्हा जुन्या काळचा पाहुणचार फुकट होता असे म्हणताना आपण कोणाच्या अंगणातून बोलतो आहोत, याचा विचार व्हावा.

इंग्रजी अंमलात पाहुण्याचा वेष पालटला. तो तंबू घेऊन येऊ लागला. पुण्यातील अधिकारी प्रिंगल याने १८२७ नंतर केलेल्या पाहणीत निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ इतका सारा धरला गेला. हिशेब कागदावर चोख होता, परंतु शेतावर तो टिकला नाही. रयत देशोधडीस लागली, शेते ओस पडली. इंदापूरची ही दुर्दशा पाहून १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड या अधिकाऱ्याने फेरपाहणीचा आग्रह धरला. लेफ्टनंट विंगेट त्याच्या जोडीला आला. या मंडळींनी शिवारात फिरून मातीचा रंग आणि खोली पाहिली, जमिनीची प्रतवारी लावली आणि १८३६ पासून तीस वर्षांसाठी हलका सारा ठरवून दिला. पुढे साऱ्या मुंबई इलाख्यात जी रयतवारी जमाबंदी पसरली, तिचा पहिला धडा इंदापूरच्या मातीत गिरवला गेला.

एकाच शिवाराला भेट देणारे हे दोन परके. एकाने जमिनीचे उत्पन्न किती असावे हे गणिताने ठरविले. दुसऱ्याने ते किती आहे हे पाहून घेतले. त्यांच्यातील अंतर लोकांनी पोटाने जाणले. मात्र तीस वर्षांची मुदत सरताच सारा पुन्हा वाढला. त्याच सुमारास कापसाची तेजी ओसरली आणि कर्जाचा फास आवळला. १२ मे १८७५ रोजी आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून खतपत्रे जाळली. इतिहास त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. शेतकऱ्याच्या घरात काय शिल्लक आहे हे न पाहता हात पुढे करणारा कोणीही, मग तो सरकार असो वा सावकार, अखेर असाच निरोप घेतो.

याच मुलखाने पाहुण्याचे एक निराळे रूपही पाहिले आहे. संत तुकारामांची पालखी देहूहून पंढरीस जाताना बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी या तालुक्यांतून जाते. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणबाबा यांनी पालखीची प्रथा घातली, असे वारकरी परंपरा सांगते. वाटेवरची गावे पिठले-भाकरी करून वाट पाहतात आणि आपल्या शिवाराचे भाग्य मानतात. पण येथे एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. दिंडीतला वारकरी आपली भिशी भरतो. दिंडीचा शिधा, भांडी, तंबू दिंडीबरोबर चालतात. गाव जे देते ते प्रेमाने देते, आणि घेणारा त्याच्यावर विसंबून येत नाही. पाहुण्याने आपले ओझे आपण उचलले की यजमानाचे देणे खरे दान होते.

आपल्या ख्रिस्तसभेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला होता, हे आम्हांस सेमिनरीत शिकताना ‘दिदाखे’ नावाच्या ग्रंथातून कळले. साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीचे हे लहानसे पुस्तक १८७३ साली पुन्हा सापडले. त्यात फिरत्या प्रेषितांविषयी नियम आहेत. आलेल्याचे प्रभूप्रमाणे स्वागत करा, असे ते सांगते. आणि लगेच बजावते की त्याने एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस राहावे. तिसऱ्या दिवशीही ठाण मांडून बसणारा खोटा संदेष्टा समजावा. ज्यास कायम राहावयाचे आहे त्याने कष्ट करून खावे. हा नियम करणाऱ्यांचे मन कोते नव्हते. त्यांची घरे लहान होती, एवढेच. संत पौलानेही थेस्सलनीकेत कोणाची भाकरी फुकट खाल्ली नाही. करिंथमध्ये अक्विला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून त्याने त्यांच्याबरोबर तंबू शिवले. प्रेषित असून तो पाहुणा म्हणून ओझे झाला नाही.

ही शिकवण आमच्या मिशनांच्या काळात कोठे कोठे फळाला आली. बारामतीस ऑस्ट्रेलियातील चर्चेस ऑफ ख्राइस्ट या प्रॉटेस्टंट मंडळींचे मिशन विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते. १९६० च्या दशकातील दुष्काळी वर्षांत त्यांच्या मदतीने कामाच्या मोबदल्यात धान्य देऊन पाझर तलाव खणले गेले. १९७१ मध्ये तेथे कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले, त्याच्या पायाशी हा अनुभव होता. शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १९४८ साली स्वित्झर्लंडहून भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी शेतकऱ्यांबरोबर पाणलोटाचे काम उभे केले. उतारावर चर खणले, चराई आणि कुऱ्हाड गावाने स्वतः बंद केली, तेव्हा विहिरींना पाणी आले. परदेशातून आलेले हे पाहुणे निघाले, तेव्हा यजमानाच्या घरात येतानापेक्षा अधिक होते.

या पार्श्वभूमीवर आजच्या कृषी पर्यटनाकडे पाहावे. २००५ च्या सुमारास बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे श्री. पांडुरंग तावरे यांनी त्याचा पहिला संघटित प्रयोग केला आणि राज्यभरच्या शेतकऱ्यांना त्याचे शिक्षण दिले. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये त्यासाठी धोरण ठरवले. इकडे इंदापुरात उजनी धरणाने निराळीच वाट दाखवली. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाच्या फुगवट्याखाली भीमाकाठची कसदार जमीन आणि कित्येक गावे गेली; पळसदेवचे जुने मंदिर पाणी ओसरते तेव्हाच दिसते. त्याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, आणि भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार कुटुंबे पक्षी पाहावयास येणाऱ्यांना नावेतून नेतात, घरी मुक्कामास ठेवतात, माशाचे कालवण जेवू घालतात. परदेशांतही असेच प्रयत्न आहेत. इटलीने १९८५ साली शेतावरील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडात १९७१ साली एक चळवळ सुरू झाली. तिच्यातला प्रवासी सेंद्रिय शेतावर दिवसाचे काही तास राबतो आणि त्या बदल्यात अन्न व निवारा घेतो. हा तर थेट पौलाचाच मार्ग.

तेव्हा पाहुणचार विकला जातो काय? आमचे मत असे की नाही. दोन एकरांचा धनी पूर्वी पाहुण्याचा खर्च मुकाट्याने सोसत होता. आज तो आपल्या भाकरीची, आपल्या झाडाच्या सावलीची किंमत स्वतः सांगतो. या भूमीच्या इतिहासात हे त्याला फारसे कधी करता आले नव्हते. डिसेंबर-जानेवारीत आगटीवर भाजलेला हुरडा खाताना आपण जे पैसे देतो, ते पावसाने दगा दिला तर त्याचा आधार होतात. ती रक्कम मोजताना घासाघीस करणे आम्हांस लाजिरवाणे वाटते. मात्र ती कोणाच्या हाती पडते हेही पाहावे. पहाटेपासून चुलीशी बसलेली माउली, अंगण सारवणारी सून, यांच्या कष्टावर हा सारा व्यवसाय उभा आहे. त्यांचा वाटा त्यांच्या हाती पडत नसेल, तर गावखर्चाची जुनी रीतच नव्या नावाने चालू आहे असे समजावे.

आणखी एक मुक्कामकरी आहे. तो कोणत्याही जाहिरातीत नसतो. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोड्यांच्या टोळ्या बारामती-इंदापुरात उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होऊन पाचसहा महिने राबतात. त्यांचा मुक्काम उसाच्या फडाजवळ, कोपीत. मुले शाळा सोडून बरोबर आलेली असतात. शहरातून आलेल्या कुटुंबाची मोटार ज्या वाटेने शेतावर जाते, त्याच वाटेवर या कोप्या असतात. एकाच शिवारात दोन प्रवासी: एकाला स्वागताचा फेटा, दुसऱ्याला पिण्याच्या पाण्यासाठीही पायपीट. रसवंतीचा गोड पेला पहिल्याच्या हाती येतो तो दुसऱ्याच्या कोयत्यामुळे.

नाताळ नेमका या हंगामाच्या मध्यावर येतो. आपल्या देवळांत गव्हाणी सजतात, तेव्हा फडावर कोणा कोपीत एखादी माता बाळंत होत असते. तिलाही उतारशाळेत जागा मिळालेली नसते. म्हणून आमची धर्मग्रामांतील कुटुंबांना विनंती आहे. शेतावर अवश्य जा, मुलांना न्या. ज्वारीचे ताट आणि उसाचे वाढे त्यांनी ओळखावे. शेतकऱ्याला विचारा, पाणी कोठून येते आणि ते कधी आटते. ठरलेले पैसे पुरते द्या, आणि त्यांतले काही स्वयंपाकघरातल्या हातांत द्या. परतताना वाटेवरच्या कोप्यांशी मोटार थांबवा. मुलांची चौकशी करा. जवळची शाळा या मुलांना घेते काय, ते गावात विचारून पाहा. घेत नसेल, तर सुट्टी संपण्यापूर्वी तुमच्या हाती एक काम आले आहे असे समजा.