प्रस्तावना : तेल आणि सिलिका

समीकरणांकडे जाण्यापूर्वी एक प्रयोग पाहू. सिलिका जेलचा पातळ थर दिलेल्या काचपट्टीच्या तळाशी तांदळाच्या कोंड्याच्या कच्च्या तेलाचा ठिपका द्यावा आणि हेक्झेन, ईथर व किंचित ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात पट्टी उभी करावी. द्रावक वर चढू देऊन, ती वाळवून आयोडीनच्या वाफेत ठेवली की पिवळसर तपकिरी डाग उमटतात. ट्रायग्लिसराइड बरेच वर पोहोचलेले असते, मुक्त मेदाम्ले त्याच्या खाली राहतात आणि फॉस्फोलिपिडे ठिपक्याच्या जागेवरून हलत नाहीत.

हे घडवतात सिलिकाच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट. पूर्ण जलयुक्त पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला ते सुमारे 5 असतात आणि तेलातल्या रेणूंच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध जोडतात. सिलिका 200 अंश सेल्सियसच्या बरीच पुढे तापवली की शेजारचे गट पाणी सोडून एकमेकांना जोडले जातात आणि पकड सैल होते.

मात्र जागेसाठी चढाओढ असते. हेक्झेनमध्ये घट्ट चिकटणारे मेदाम्ल थोडे आयसोप्रोपेनॉल घातले की सुटू लागते, कारण तेही त्याच गटांवर हक्क सांगते. द्रावक नसलेल्या तेलात तर ट्रायग्लिसराइडच संख्याबळावर जागा अडवते. पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. ते जागा अडवते हे खरे, पण तेलशुद्धीकरणात फॉस्फोलिपिडे आणि साबण काढायला मुद्दाम पाण्याने भरलेली सिलिका वापरतात. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत रसाळ प्रश्न हाच आहे.

लँगम्यूरने 1918 मध्ये अधिशोषणासाठी, म्हणजे रेणू पृष्ठभागाला चिकटण्यासाठी, मांडलेले समीकरण सर्व जागा सारख्या मानते. तेलाच्या बाबतीत हे गृहीतक क्वचितच टिकते, तरी सुरुवात तिथूनच करावी.

सिलिकाचा कच्चा माल आपल्या जवळच आहे. भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधल्या तुसाच्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. भट्टी फार तापली तर ही सिलिका स्फटिकी होते आणि अधिशोषणाला उपयोगी पृष्ठभाग घटतो, म्हणून राख कशी जाळली हे विचारल्याशिवाय ती वापरू नये.

पुढच्या प्रकरणांत अधिशोषणाचे आकडे भरपूर भेटतील. प्रत्येक आकड्यापाशी थांबून द्रावक कोणता होता आणि सिलिकात ओलावा किती होता, हे आधी पाहावे. या दोन नोंदी नसलेल्या आकड्यावर विसंबू नये.