घरातले वायफाय का अडखळते? २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा इतिहास

स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला की बाहेरच्या खोलीतला क्रिकेटचा सामना मोबाइलवर अडखळतो, हा अनुभव अनेकांना असेल. वर्गात कारण विचारले तर बहुतेक विद्यार्थी ‘नेट स्लो आहे’ एवढेच सांगतात. पुष्कळदा नेट ठीक असते. अडचण राउटर आणि मोबाइल यांच्यामधल्या शेवटच्या दहा मीटरमध्ये असते. ती समजून घ्यायची तर १९४७ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची परिषद भरली. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक या क्षेत्रांतील यंत्रे रेडिओ लहरी संदेशासाठी नव्हे, तर उष्णतेसाठी वापरतात. अशा यंत्रांसाठी काही वारंवारता पट्टे वेगळे काढण्यात आले. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी रडारच्या मॅग्नेट्रॉनवर अन्न शिजवण्याचे प्रयोग नुकतेच केले होते. (पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला अनुनाद देतो, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते चूक आहे. द्रवरूप पाण्याचे शोषण याहून कितीतरी वरच्या वारंवारतांना कमाल होते.) या पट्ट्यात कोणी संदेशवहन केलेच, तर यंत्रांचा गोंगाट त्याने निमूटपणे सोसायचा, अशी अट होती. त्यामुळे दळणवळणाच्या दृष्टीने हा पट्टा टाकाऊ ठरला.

टाकाऊ म्हणूनच तो पुढे सर्वांना खुला करता आला. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनमधील अभियंते मायकेल मार्कस यांनी पुढाकार घेतला आणि मे १९८५ मध्ये आयोगाने या पट्ट्यांत विना-परवाना प्रक्षेपणाला मुभा दिली. संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवायचा आणि शक्ती एक वॉटपेक्षा जास्त ठेवायची नाही, या अटी होत्या. परवाना नाही म्हणजे शुल्क नाही, आणि संरक्षणही नाही. शेजाऱ्याच्या राउटरचा त्रास होतो म्हणून तक्रार करायला जागाच नाही. माझ्या मते घरगुती वायफायच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ याच सौद्यात आहे, आणि तरीही सौदा फायद्याचाच ठरला.

आता प्रश्न राहिला एकाच हवेत अनेकांनी बोलायचे कसे हा. त्याचे उत्तर हवाई बेटांवर आधीच शोधले गेले होते. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या अलोहानेटने १९७१ मध्ये बेटांवरचे संगणक एकाच रेडिओ वाहिनीवर जोडले. ज्याला पाठवायचे त्याने पाठवावे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा पाठवावे, ही त्याची रीत. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आले, त्यात ती अधिक सभ्य झाली: आधी कान द्यायचा, हवा मोकळी असेल तरच बोलायचे.

या सभ्यतेची किंमत मोजून पाहू. १९९७ च्या मानकाचा वेग १ किंवा २ मेगाबिट प्रति सेकंद होता. २००३ च्या ८०२.११जी मध्ये तो ५४ वर गेला. १५०० बाइटचे एक पाकीट म्हणजे १२,००० बिट. ५४ मेगाबिटने ते सुमारे ०.२२ मिलिसेकंदात जाते, १ मेगाबिटने १२ मिलिसेकंद लागतात. भिंतीआड कोपऱ्यात पडलेला, सिग्नल क्षीण झालेला एखादा जुना फोन १ मेगाबिटवर उतरला, तर त्याच्या प्रत्येक पाकिटासाठी घरातली बाकी सगळी उपकरणे थांबतात. चित्रपट पाहणाऱ्याला ते कळतही नाही, कारण पुढची काही सेकंदे आधीच उतरवून ठेवलेली असतात. गेम खेळणाऱ्याला मात्र लगेच कळते. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळात एका चित्राची मुदत १६.७ मिलिसेकंद असते, आणि खेळाडूची पुढची हालचाल आधी साठवून ठेवता येत नाही. म्हणून ‘स्पीड टेस्ट’ चांगली दिसते आणि खेळ तरीही अडकतो.

भिंतींवरून परावर्तित लहरी एकमेकींत मिसळतात, हा दुसरा त्रास. ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ’सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी रेडिओ खगोलशास्त्रातील अनुभव घेऊन त्यावर काम केले. संदेश अनेक संथ उपवाहकांवर वाटून पाठवायचा, म्हणजे प्रतिध्वनी विरून जायला वेळ मिळतो. १९९९ च्या ८०२.११ए मध्ये असे ५२ उपवाहक आहेत, आणि ते मानक ५ गिगाहर्ट्झवर चालते.

भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ. एका वाहिनीला सुमारे २० मेगाहर्ट्झ लागतात, म्हणून एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. अपार्टमेंटमध्ये वीस राउटर असतील, तर गर्दी होणारच. अशा वेळी मधली ३ किंवा ८ निवडणारा दोन्हीकडचा गोंगाट ओढवून घेतो. ५ गिगाहर्ट्झमध्ये ऑक्टोबर २०१८ पासून एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे आहेत. तिथे ओव्हनचा त्रास नाही, गर्दीही कमी. मात्र त्याच अंतरावर सिग्नल साधारण ७ डेसिबलने कमी पोचतो आणि विटांच्या वा काँक्रीटच्या भिंतीत आणखी घटतो.

म्हणून राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटाशेजारी किंवा ओव्हनजवळ नको. घराच्या मध्यावर, उंच जागी हवा. खेळणाऱ्याची खोली तीच असेल तर ५ गिगाहर्ट्झ घ्यावे, दोन भिंतींपलीकडे २.४. स्वस्त रिपीटर घेताना सावध राहावे: एकच रेडिओ असलेला रिपीटर प्रत्येक पाकीट ऐकून पुन्हा बोलतो, त्यामुळे तेवढीच हवा दोनदा खर्च होते. रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, वेग मात्र निम्म्याच्या आसपास येतो.

आणि शक्य असेल तिथे तार ओढावी. अलोहानेटची कल्पना घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात इथरनेट मांडले, ते तारेवरच. गेमचा संगणक आणि टीव्ही राउटरला केबलने जोडले, तर त्यांच्या वाट्याची हवा उरलेल्या फोनना मिळते, आणि कोपऱ्यातल्या त्या जुन्या फोनचा अडथळा खेळापर्यंत पोचत नाही.