मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांचे बंदिस्त सेवांवरील अवलंबित्व

मुक्त सॉफ्टवेअरचा विकास, स्वतःची आज्ञावली बंदिस्त असलेल्या आंतरजालीय सेवांवर चालवण्याची प्रथा.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या सोर्सफोर्ज या सेवेने प्रकल्पांना विनामूल्य जागा दिली. २००१ मध्ये तिची पुढील आज्ञावली बंदिस्त झाली. जुन्या मुक्त आवृत्तीवर जीएनयूची सव्हाना ही सेवा उभी राहिली (पहा : जीएनयू). बिटकीपर या बंदिस्त आवृत्ती-नियंत्रण प्रणालीची मोफत सवलत संपल्याने लिनक्ससाठी २००५ मध्ये गिट निर्माण झाले (पहा : टॉरव्हॉल्ड्झ, लिनस). त्याच गिटवर आधारलेली गिटहब (२००८) ही सेवा मात्र बंदिस्तच राहिली. २०१८ मध्ये ती मायक्रोसॉफ्टने घेतली.

गिटच्या प्रत्येक पूर्ण प्रतीत बदलांचा सारा इतिहास असतो, म्हणून आज्ञावली दुसरीकडे नेणे सोपे. त्रुटींच्या नोंदी, त्यांखालील चर्चा व बदल-विनंत्या मात्र सेवेच्या विदागारात राहतात; स्थलांतर अडते ते इथेच. सेवा एका देशाच्या कायद्याखाली असण्याचाही धोका असतो : अमेरिकी निर्बंधांमुळे २०१९ मध्ये इराण, सीरिया व क्रिमियातील वापरकर्त्यांची गिटहबवरील खाती मर्यादित झाली. इराणपुरती ही बंधने २०२१ मध्ये उठली.

सेवांची आज्ञावली खुली राहावी यासाठीच्या जीएनयू ॲफेरो परवान्यानुसार (२००७) सुधारित आज्ञावली जाळ्यावरून वापरू देणाऱ्याने ती वापरकर्त्यांनाही उपलब्ध करावी लागते (पहा : सॉफ्टवेअर परवाने). काही प्रकल्पांनी स्वतःची सेवा उभारली : नोम हा डेस्कटॉप प्रकल्प २०१८ मध्ये स्वतः चालवलेल्या गिटलॅब या गिट-आधारित प्रणालीवर गेला. याउलट पायथन भाषेच्या प्रकल्पाने २०२२ मध्ये त्रुटी-नोंदी गिटहबवर हलवल्या.